दोन राखणदार आणि तुझं बारसं

परवा फोनवर तू विचारलंस, "आजी, तुझ्या कॉम्प्युटरवर अँटिव्हायरस एक आहे की दोन?" तुझ्या नव्या लॅपटॉपवर एक आधीपासून आहे आणि मैत्रीण म्हणते, आणखी एक टाक, दुप्पट सुरक्षित होईल. मी "एकच" म्हणाले आणि हसत सुटले. हसणं थांबेना तेव्हा आतून आजोबांनी विचारलं, "काय झालं वं?" मी त्यांना तुझा प्रश्न सांगितला, तर तेही पलंगावर बसल्या बसल्या हसायला लागले. तुला वाटलं असेल, दोघांनाही म्हातारचळ लागला.

फोनवर सांगण्याइतकी छोटी ती गोष्ट नाही. तुझ्या बारशाची गोष्ट आहे, म्हणून लिहून काढते आहे. धाकट्याला वाचून दाखव. त्याला मराठी वाचता येत नसलं तरी ऐकलेलं सगळं कळतं, हे मला ठाऊक आहे.

माझा स्वभाव तुम्ही दोघं जाणताच. सुट्टीत आलात की माझी नक्कल करता. बाहेरच्या दाराला दोन कुलपं. गॅस बटणाने बंद करायचा आणि वर रेग्युलेटरही फिरवायचा. प्रवासाला निघताना तिकिटाची एक झेरॉक्स माझ्या पर्समध्ये आणि एक आजोबांच्या खिशात. बालाघाटच्या मुलींच्या शाळेत मी उभी हयात इंग्रजी शिकवलं. तपासलेल्या पेपरातल्या गुणांची बेरीज दोनदा केल्याशिवाय गठ्ठा बांधला नाही. आणि परीक्षेआधी प्रत्येक वर्गाला मी एकच वाक्य सांगायची: "सूचना दोनदा वाचा, मग पेन उचला."

तुझे बाबा मेलबर्नला गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी सुट्टीत आले आणि आमच्यासाठी कॉम्प्युटर घेऊन गेले. म्हणजे इथे ठेवून गेले. बाहेरच्या खोलीत खिडकीशेजारी त्याची जागा ठरली. मी त्याला झालर लावलेलं आवरण शिवलं, कीबोर्डला वेगळं, माउसला वेगळं. आमच्या वस्तीत ब्रॉडबँड नुकतंच आलं होतं. बाबांनी कॅमेरा बसवून दिला, अँटिव्हायरस टाकला आणि निघताना सांगितलं, "आई, हा तुझा राखणदार. याला रोज अपडेट होऊ द्यायचं. बाकी काही करायचं नाही."

बाकी काही न करणं मला आयुष्यात कधी जमलेलं नाही.

झालं असं की, शेजारच्या काकूंच्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला आणि त्यांच्या मुलाच्या लग्नाचे सगळे फोटो गेले. काकू आमच्या अंगणात येऊन डोळे पुसत होत्या. मी त्यांना चहा दिला, समजूत घातली आणि त्या गेल्याबरोबर छत्री घेऊन मेन रोडवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. तिथून आणखी एक अँटिव्हायरस विकत आणला, चांगला डब्यातला, सोबत इंग्रजी पुस्तिका असलेला.

ती पुस्तिका मी पेन्सिल हातात धरून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. चौथ्या पानावर ठळक अक्षरात लिहिलं होतं की, हा प्रोग्राम टाकण्यापूर्वी कॉम्प्युटरवर दुसरा अँटिव्हायरस असेल तर तो काढून टाका. मी ते वाक्य दोनदा वाचलं. माझं चुकलं ते वाचण्यात नाही, पुढच्या विचारात. मला वाटलं, साहजिक आहे. कोणता दुकानदार म्हणेल, माझ्याकडून घ्या आणि शेजाऱ्याकडूनही घ्या? आमच्या सराफाला दुसऱ्याने घडवलेल्या बांगड्या दाखवल्या की तोही नाक मुरडतोच. मी समासात पेन्सिलीने लिहिलं, "व्यापारी मत्सर", आणि प्रोग्राम टाकला.

मग घरात दोन राखणदार झाले. मी निर्धास्त झाले.

कॉम्प्युटर मात्र जड झाला. सकाळी बटण दाबून मी वरणाचा कुकर लावायची. तीन शिट्ट्या होत, कुकर उतरे, तरी पडद्यावर ते वाळूचं घड्याळ फिरतच असे. मधूनच लाल चौकट उघडायची: संशयास्पद फाईल सापडली. ती बंद करते तोच दुसऱ्याची पिवळी चौकट: यालाही एक सापडली. मी सगळं वहीत लिहून ठेवत होते, कुणी पकडलं, किती वाजता पकडलं. दुपारी जेवताना आजोबांना सांगायची, "आज दोघांनी मिळून सात पकडले."

"सात?" आजोबा भाकरी मोडता मोडता म्हणाले. "आपल्या घरी एवढे चोर येऊन राह्यले कुठून? आपल्याकडं तर पाव्हणे बी येत नाहीत."

"म्हणूनच दोन लागतात," मी म्हटलं. "एकाच्या नजरेतून सुटला तर दुसरा पकडतो."

"हौ," ते म्हणाले. त्यांचा हौ कधी होकार असतो आणि कधी नुसता घास गिळल्याचा आवाज असतो, हे मला इतक्या वर्षांनीही ओळखता येत नाही.

आणि तू जन्मलीस. आजोबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे आम्हाला येता येईना. तुझी नागपूरची आजी तिथे पोचली होती. बारसं रविवारी ठरलं, तुमच्याकडे दुपारी साडेचारला म्हणजे आमच्याकडे बाराला.

आता आपल्या घरची रीत सांगते, कारण सगळं तिच्यावर अडलं होतं. नाव ठेवायचा मान आत्याचा. तुझ्या बाबांना बहीण नाही, म्हणून तो माझ्याकडे आला. माझ्या सासूबाईंची पद्धत अशी की, नाव ठेवणारीने दोन नावं मनात धरायची आणि ती कुणालाच सांगायची नाहीत, नवऱ्यालाही नाही. पाळण्यापाशी बाळाचं तोंड बघायचं आणि दोहोंपैकी जे त्या तोंडाला शोभेल ते कानात सांगायचं. दुसरं तिथेच सोडून द्यायचं. सासूबाई म्हणत, "तोंड पाह्यल्याबिगर नाव ठेवणं म्हणजे पाय न पाहता जोडा शिवणं."

माझी दोन नावं तयार होती. तुझं तोंड मात्र मी पाहिलेलं नव्हतं. बाबांनी ईमेलने फोटो पाठवले होते, पण ते उघडतच नव्हते. मी क्लिक करायची, पहिला राखणदार म्हणायचा, तपासतो आहे. त्याच्या मागे दुसरा म्हणायचा, तपासतो आहे. अर्धा तास वाट पाहून मी पुन्हा क्लिक करायची आणि दोघं पुन्हा पहिल्यापासून तपासायला लागायचे.

गुरुवारी आम्ही कॅमेऱ्याची रंगीत तालीम केली. पडद्यावर तुझ्या बाबांचं नाक आलं आणि तिथेच थिजलं. आवाज तुटून तुटून येत होता. मी "बाळ दाखव, बाळ दाखव" म्हणत होते आणि पडद्यावर नाकच. शेवटी त्यांनी फोन केला.

"आई, असं नाही जमणार. तू मला नाव फोनवर सांगून ठेव. बाळाची आजी इथे आहेतच, त्या कानात सांगतील."

"कोणतं नाव सांगू? दोन आहेत."

"मग दोन्ही सांग, त्या बघून ठरवतील."

तुझी नागपूरची आजी मोठ्या मनाची बाई आहे, तिने आनंदाने केलं असतं आणि मला मोठेपणा दिला असता. पण पहिल्या नातीचं तोंड दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघून नाव ठेवायचं, हे माझ्या घशाखाली उतरेना. मी म्हटलं, "रविवारपर्यंत थांब." फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन कारण नसताना सगळे डबे पुसले.

शुक्रवारी मी मलाजखंडला फोन लावला. तांब्याच्या खाणीच्या वसाहतीत माझी एक जुनी विद्यार्थिनी राहायची. तिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई, आणि तिथे कॉम्प्युटर शिकवायची. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, संडे की पहिली बस पकडते. आपण काहीही दाबू नका. प्लीज."

रविवारी साडेनऊला ती दारात उभी. घर मराठीच तिचं, पण तिच्या पिढीतल्या आमच्याकडच्या, मध्य प्रदेशातल्या, सगळ्यांसारखं बोलणं निम्मं हिंदी. पाया पडली, पाणी प्यायली आणि थेट कॉम्प्युटरसमोर बसली. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला खुर्चीवर गुडघा लांब करून आजोबा. स्वयंपाकघरात घुगऱ्यांचे हरभरे शिजत होते. साडेअकराला शेजारच्या बायका यायच्या होत्या.

पडदा उजळायला अकरा मिनिटं लागली, मी घड्याळ लावून मोजली. तिने दोन ठिकाणी क्लिक केलं आणि थांबली. मग डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"मॅडम, ये क्या है? एका कॉम्प्युटरवर अँटिव्हायरस तीन?"

"दोन," मी म्हटलं.

"तीन. गिनके तीन."

मी हळूच आजोबांकडे पाहिलं. आजोबा छताच्या पंख्याकडे पाहत होते.

"अहो?"

"मले काय माहीत? आपोआप आला असन."

"अहो!"

"ते सकाळी फिरायला येतेत ना माह्यासंगं, त्यातल्या एकानं सीडी देल्ली. म्हणे लय जबरदस्त आहे. तू मंदिरात गेलती तवा टाकली. तुले सांगतलं असतं तं तू पुस्तिका माग्तली असती."

माझी विद्यार्थिनी तोंडावर पदर धरून हसत होती. मी तिच्याकडे वर्गात पाहायची तसं पाहिलं, तर हसणं वाढलं.

मग तिने समजावून सांगितलं. माझ्या वहीतल्या नोंदी तिने वाचल्या आणि बोट ठेवत गेली. "हे बघा. लाल वाल्याने काय पकडलं? पिवळ्याची फाईल. पिवळ्याने काय पकडलं? लाल वाल्याची. मॅडम, प्रत्येक अँटिव्हायरसकडे चोरांचे फोटो असतात, ओळखण्यासाठी. दूसरे ने वो फोटो देखे तो उसको लगा, चोर यहीं बैठा है. आणि कोणतीही फाईल उघडायची असली की तिघंही म्हणतात, आधी मी तपासणार. धरून बसतात. छोड़ता कोई नहीं."

म्हणजे माझ्या वहीत इतके दिवस टिपलेले सगळे चोर म्हणजे आमचेच राखणदार होते.

आजोबा एकदम खुलले. ते कटंगीजवळच्या खेड्यातले, धानाच्या घरातले. त्यांना आता आपलं वावर सापडलं होतं.

"अशीच गोष्ट आमच्या घरी झालती," ते म्हणाले. "धान पिकलं होतं, पोपट उतरून राह्यले होते. बापानं या कोपऱ्यात मचाण बांधून एक राखणदार बसवला, हातात गोफण. मायले वाटलं, एकानं काय होते? तिनं बापाले न सांगता त्या कोपऱ्यात दुसरा बसवला. हा गोटा मारे तं पोपट तिकडं. तो गोटा मारे तं पोपट इकडं. दुपार होता होता याचा गोटा त्याच्या मचाणावर अन् त्याचा याच्या. मंग दोघंबी खाली उतरले अन् बांधावर उभे राहून भांडत बसले."

"आणि पोपट?" माझ्या विद्यार्थिनीने विचारलं.

"पोपट जेवले ना आरामात."

"ही गोष्ट तुम्हाला आधी नाही आठवली?" मी विचारलं.

"आठवलती. पण मंग माह्या राखणदाराले कोणं ठेवलं असतं?"

दहा वाजून गेले होते. तिने आधी नेटची वायर काढली, म्हणाली, एकेक राखणदार बाहेर जाताना दार बंद पाहिजे. मग प्रश्न आला, ठेवायचा कोणता. मी माझी पुस्तिका पुढे केली. म्हटलं, माझा विकतचा आहे, नियमाने घेतलेला आहे. तिने पुस्तिका चाळली आणि चौथ्या पानावर थांबली. ते ठळक वाक्य तिने वाचलं, मग समासातली माझी पेन्सिल वाचली.

"व्यापारी मत्सर," ती मोठ्याने म्हणाली. माझ्याकडे बघितलं. आणि अगदी माझ्याच आवाजात, माझ्यासारखी मान वाकडी करून म्हणाली, "मुलींनो, सूचना दोनदा वाचा, मग पेन उचला."

"दोनदा वाचलं होतं," मी म्हटलं. एवढाच बचाव माझ्याकडे होता.

तिने सांगितलं, बाबांनी टाकलेला आपला आपण रोज अपडेट होतो आहे, तो चांगला आहे, तोच राहू द्या. आजोबांचा कुणाच्या तरी सीडीवरचा, केव्हाचा जुना, तो पहिला गेला. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. मग माझा. तो सहज जाईना. दोनदा म्हणाला, मी कामात आहे, नंतर या. मला त्याचा थोडा अभिमानही वाटला. तिने आणखी एकदा बंद-सुरू करून कुठून तरी मागच्या दाराने त्याला गाठलं आणि सव्वाअकराला तोही गेला.

"तुहा गेला, माहा गेला, पोराचा राह्यला," आजोबा म्हणाले. "न्याय झाला."

या वेळी पडदा उजळायला दीड मिनिट लागलं. मी घड्याळाकडे बघतच राहिले. वायर परत जोडली. तिने ईमेल उघडलं आणि ओरडली, "मॅडम, फोटो खुल गए! बच्ची के फोटो!"

मी दोन्ही हातांनी डोळे झाकले. "बंद कर! बंद कर ते!"

"अरे, पण आठ दिवस याच फोटोंसाठी..."

"आता पाऊण तास राहिला आहे. आता पाळण्यातच बघणार."

आजोबांना अशी कुठलीच अट नव्हती. ते तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते आणि मुद्दाम मला ऐकू जाईल असं म्हणत होते, "अहाहा. नाक तं पाह्य. अहाहा." मी हरभऱ्यांना फोडणी द्यायला आत निघून गेले.

बाराला पाच कमी असताना खोलीत नऊ बायका होत्या, शेजारच्या काकू सर्वांत पुढे. मी नऊवारी नेसले होते आणि कीबोर्डला हळदीकुंकू लावलं होतं. ते अजून एका कोपऱ्यात पिवळं आहे, पाहिलंच असशील तू. तुझ्या बाबांचा चेहरा आला, नाक हलत होतं, ओठ हलत होते आणि आवाज ओठांबरोबरच येत होता. "आई, दिसतंय?" मागे नागपूरची आजी हात हलवत होती. मग कॅमेरा फिरला, फुलांच्या माळा दिसल्या, पाळण्याची कड दिसली आणि तू दिसलीस.

तू झोपलेली नव्हतीस. कपाळाला आठ्या घालून, मूठ हनुवटीखाली धरून तू सगळ्यांकडे अशी पाहत होतीस, जणू आम्ही पेपर कोरा दिला होता आणि तू तपासायला बसली होतीस. मग एकदम मोठी जांभई दिलीस आणि आठ्या गेल्या, आणि हसलीस. लोक म्हणतात त्या वयातलं हसणं खरं नसतं. म्हणू देत.

माझ्या दोन नावांतलं एक आठ्यांना शोभणारं होतं आणि एक हसण्याला. मी एक क्षणही थांबले नाही. बाबांनी हेडफोनची एक बाजू तुझ्या कानाशी धरली, इकडे बायकांनी माझ्या पाठीवर हलके धपके द्यायला सुरुवात केली, आणि मी माइकजवळ वाकून "कुर्रर्र" करून नाव सांगितलं. तिकडे तुझ्या कानात पोचल्यावर तू मूठ उघडलीस. मेलबर्नला टाळ्या वाजल्या, बालाघाटला टाळ्या वाजल्या, आणि काकूंनी घुगऱ्यांची पहिली मूठ कॉम्प्युटरसमोर ठेवली, कारण त्यांच्या मते आज त्याचाही मान होता.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. राखण करायला एकच ठेव, आणि त्याला रोज अपडेट होऊ दे. कधी शंका आलीच तर नुसतं तपासून जाणारे प्रोग्राम असतात, आपण डॉक्टरांचं दुसरं मत घेतो तसे. ते बोलवावेत, तपासून घ्यावं, चहा देऊन वाटेला लावावेत. कायम राहायला ठेवायचे नाहीत. हे मला माझ्याच विद्यार्थिनीने शिकवलं. ती दुपारच्या बसने निघाली तेव्हा मी तिला सोबत घुगऱ्यांचा डबा दिला. तो तिने अजून परत केलेला नाही.

दाराची दोन कुलपं मात्र तशीच आहेत. कुलपं एकमेकांना चोर समजत नाहीत.

त्या दिवशी सगळ्या बायका गेल्यावर मी कॉम्प्युटरवर आवरण घातलं आणि आजोबांच्या शेजारी बसले. ते घुगऱ्या खात होते.

"दुसरं नाव कोणतं होतं?" त्यांनी विचारलं.

"ते सोडून दिलं. सांगायचं नसतं."

"हौ." मग पंख्याकडे बघत, "माह्या मनात बी एक होतं."

"तुमच्या? तुम्हाला कुणी सांगितलं होतं नाव धरायला? म्हणजे इथेही तिसरं?"

"होतं म्हणून राह्यलो ना. आता ते काय काढून टाकता येते?"

आता कळलं ना, आजोबा तुला फोनवर वेगळ्याच नावाने हाक का मारतात?